भाऊजींची जर्मन तोफ

कॅम्प-१, भिलाई
ता. १३ जून १९६५

चिरंजीव केवलराम यास कमलाताईचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम, वि. वि.

तुह्यं कार्ड भेटलं. रुरकेल्याच्या मेसमध्ये खाऊन वजन वाढलं असं लिहितो. फोटो पाठव, तेव्हा खरं मानीन. लहानपणी तुले फुंकर मारली तरी पडत होता.

आता पुढचं धीरानं वाच. तुह्या भाऊजीचा पाय मोडला. क्रेनवरून उतरतानी शिडीवर पाय घसरला अन् खाली आले. कोणाचा दोष नाही, ते स्वतःच सांगतात की घाई केली. मांडीपासून घोट्यापर्यंत पलस्तर आहे. डॉक्टर म्हणाले हाड जुळून येईल, पण क्रेनची शिडी चढता येईल की नाही ते आता सांगता येत नाही. त्या दिवसापासून हे घर म्हणजे पिंजरा झाला. सकाळपासून खाटेवर पडून चिडचिड करून राहिले. काल माह्या पोळ्या मोजून दाखवल्या अन् म्हणे ही वाकडी, ती जाड. मी म्हटलं, उठून स्वतः लाटा.

पण मले कळते त्यायचं दुःख. आपल्या गावात विहिरीवर हात लावू देत नव्हते, अन् इथं लाल लोखंडाची एवढी मोठी लादी तुह्ये भाऊजी क्रेनमध्ये बसून एका दांड्यानं उचलतात. खाली सगळे मान वर करून पाहतात. ती जागा गेली तर माणूस मोडेल. त्यायच्या मिलमधले रशियन इंजिनीअर तिखोन साब दोनदा येऊन गेले. आपली टूटीफूटी हिंदी बोलतात, माह्या हातचा चहा बशीत ओतून पितात. त्यायनं शब्द दिला आहे की देवाजीची जागा मी ठेवतो. त्या एका शब्दावर आमी बसलो आहो.

काही हातात धरायले, वेळ घालवायले भेटलं तर पाठव. जेवणाची हयगय करू नको. माया आहे तशीच वाढू दे.

तुही ताई,
कमला

---

रुरकेला
ता. ४ जुलै १९६५

तीर्थरूप कमलाताईस केवलरामचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. भाऊजीले सांग, साळा दूर असला तरी सोबत आहे.

वेगळ्या पार्सलनं एक डबा पाठवला आहे. आमच्या साइटवरचे वेंडेल साहेब जर्मनीले परत गेले. सामान बांधतानी त्यायनं हा डबा मले दिला. त्यायच्या पोरासाठी विलायतेतून आणला होता, पण पोराले कंटाळा आला म्हणे. आत प्लास्टिकचे बारीक बारीक तुकडे आहेत. ते ब्लेडनं कापायचे, नळीतल्या डिंकानं चिकटवायचे, अन् मग मागच्या महायुद्धातली जर्मन तोफ तयार होते. खरी जशी होती तशीच, फक्त बोटभर. सोबत चित्राचा कागद आहे, कोणता तुकडा कुठं बसतो ते त्यात दाखवलं आहे. वाचायची गरज नाही, आकडे पाहून जुळवायचं. भाऊजीचा हात असा आहे की हे काम त्यायलेच शोभते.

ताई, तू त्या तुकड्यायले कचरा समजून झाडू नको. मी तुले ओळखतो.

भाऊजीच्या प्रकृतीचं लिहीत जा, आणि या भावाले विसरू नको.

तुहा लाडका,
केवलराम

---

कॅम्प-१, भिलाई
ता. ८ ऑगस्ट १९६५

चिरंजीव केवलराम यास आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

तुह्या डब्यानं आधी घरात जादू केली अन् मग आग लावली. दोन्ही सांगते.

डबा उघडल्यापासून भाऊजी चूप झाले. खाटेवर पाट ठेवला, त्यावर माह्या लुगड्याचा फडका अंथरला. एक एक तुकडा कापून, काचपेपरनं घासून, श्वास रोखून चिकटवत होते. मी बोलली तर हात वर करून थांबवत. तोफेचे चार पाय चारी दिशेले पसरतात, मधात फिरणारी बैठक, अन् नळी केवढी लांब! समोर एक ढाल. चाक फिरवलं की नळी वर-खाली होते. मले दाखवून म्हणाले, कमला, हे पण क्रेनच आहे, फक्त उचलत नाही, पाडते. शेजारच्या गिरजाबाई पाहून गेल्या अन् सगळ्या नळावर सांगून आल्या.

मागच्या रविवारी तिखोन साब आले. मी चहा ठेवला. भाऊजीनं मोठ्या हौसेनं पाट पुढं केला अन् म्हणाले, साब, देखो, मैंने बनाया. साबनं पाहिलं. केवलराम, मी माणसाचा चेहरा असा पांढरा होतानी कधी पाहिला नव्हता. हात पुढं केला, पण तोफेले लावला नाही. कुठून आली असं विचारलं. भाऊजीनं सांगितलं की माह्या साळ्याले जर्मन साहेबानं दिली. साब उठले. चहा तसाच राहिला. दारात टोपी पडली, तीही उचलली नाही. मी मागं धावत जाऊन दिली, तर माह्याकडं पाहिलं नाही.

तेव्हापासून ते आले नाहीत. मिलमधले लोक सांगतात, देवाजीचं नाव काढलं की साब दुसरं काही बोलतात. पलस्तर निघालं आहे, पण भाऊजी काठीवर चालतात. ड्यूटीवर घ्यायचं की नाही हे आता ठरणार आहे. मी म्हटलं तोफ चुलीत टाका. भाऊजी म्हणाले, माह्या हातानं बनलेली एकच वस्तू आहे जी माह्या घरात आहे, बाकी सगळं तर मालगाडीनं जाते. दोन दिवस आमी एकमेकांशी बोललो नाही.

तू शहाणा आहे. काय करू ते सांग. माया कमी करू नको.

तुही ताई,
कमला

---

रुरकेला
ता. २५ ऑगस्ट १९६५

तीर्थरूप ताईस केवलरामचा जयभीम, वि. वि.

तुह्यं पत्र वाचून मी इथल्या एका म्हाताऱ्या जर्मन फोरमनले विचारलं. डब्यावरचं चित्र कसं होतं ते कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, ही तोफ विमान पाडायले बनवली होती, पण रशियात तिनं रणगाडे जाळले. लांबूनच. रणगाड्यातल्या माणसाले तोफ दिसायच्या आधी गोळा येऊन पडत होता. हे सांगून तोही उठून गेला.

ताई, मले वाटलं खेळणं आहे. इथं जर्मन साहेब, तिथं रशियन साहेब, अन् आपण दोघं भाऊ-बहीण मधात. त्यायची लढाई आपल्या खाटेवर येईल असं कोणाले वाटलं असतं?

भाऊजीले माह्याकडून सांग, तोफ मोडू नका, पण कपाटात ठेवा. अन् साबच्या घरी जाऊन माफी मागून या. काठी टेकत गेले तरी चालते. मोठ्या माणसाचा राग असा ताटकळत ठेवू नये.

उत्तराची वाट पाहून राहिलो. या भावावर राग धरू नको.

केवलराम

---

कॅम्प-१, भिलाई
ता. १३ सप्टेंबर १९६५

केवलराम,

आशीर्वाद. बाकी काही लिहायचं सुचत नाही.

काल तुह्या भाऊजीले नेलं. साबची माफी मागणं राहूनच गेलं. सरहद्दीवर लढाई सुरू झाल्यापासून इथं सगळे एकमेकाकडं संशयानं पाहतात. खिडक्यायले काळा कागद लावला आहे. नळावर रोज नवीन गोष्ट, कोणी म्हणे विमानातून छत्रीनं माणसं उतरले, कोणी म्हणे कारखान्याचा नकाशा सापडला. कोणाच्या तोंडून कोणाच्या कानात गेलं माहीत नाही, पण साध्या कपड्यातले दोन माणसं आले अन् तोफ कुठं आहे असं विचारलं. भाऊजीनं कपाटातून काढून दिली. चित्राचा कागदही दिला. त्यावर परदेशी अक्षरं, आकडे, बाण. ते माणसं कागद उजेडात धरून पाहत होते. मग विचारलं, कारखान्यात काम करता, जर्मन लोकायशी काय संबंध? भाऊजी म्हणाले, खेळणं आहे. त्यायनं उलट विचारलं की चाळीस वर्षाचा माणूस खेळण्याशी खेळते का?

वाईट वागले नाहीत. जीपमध्ये चढतानी काठी धरली. पण दुर्गले पोलिसायच्या कचेरीत घेऊन गेले. मी मागंमाग गेली होती, भेटू दिलं नाही. सांगतात की ही खरी तोफ कोणती, नवीन की जुनी, कोणाची, हे सांगणारा जाणकार पायजे, तेव्हा पाहू.

गिरजाबाई रडून राहिल्या. त्यायले वाटते आपल्याच तोंडानं हे झालं. मी त्यायच्यावर रागवू तरी कशी? माह्यासाठी भाकर त्याच करून आणतात.

केवलराम, नोकरी गेली तर क्वार्टर जाईल. ते जाऊ दे. पण देशाचा वैरी असं नाव लागलं तर आपण गावात कोणत्या तोंडानं जायचं? बाबासाहेबांनी दाखवलेल्या रस्त्यानं चालून इथवर आलो, ते यासाठी?

लवकर लिही.

ताई

---

रुरकेला
ता. १६ सप्टेंबर १९६५

तीर्थरूप ताईस जयभीम.

वेंडेल साहेबाचा पत्ता इथं कोणाजवळ नाही. रजेचा अर्ज दिला आहे. भेटली तर ठीक, नाही भेटली तरी निघतो. दुर्गले उतरून सरळ त्या कचेरीत जाईन अन् सांगीन की वस्तू मी पाठवली, विचारायचं ते मले विचारा. भाऊजीच्या जागी मले बसवा.

पण ताई, माह्या शब्दाले तिथं काय वजन? मी पण जर्मन साइटवरचाच माणूस. ती तोफ ओळखणारा भिलाईत एकच माणूस आहे, तुले माहीत आहे कोण. त्याच्या दारात जा. तो हाकलेल, तर हाकलू दे. कावून घाबरते? तू लहानपणी पाटलाच्या दारात उभी राहून माह्या शाळेचं बोलली होती, तेव्हा तुह्या पायात चप्पल पण नव्हती.

मी येतो. हिंमत ठेव.

केवलराम

---

कॅम्प-१, भिलाई
ता. १९ सप्टेंबर १९६५

चिरंजीव केवलराम यास आशीर्वाद व सप्रेम जयभीम, वि. वि.

तार केली आहे, ती भेटली असेल. भाऊजी घरी आले. रजा भेटली नसेल तर नोकरीवर पाणी सोडून येऊ नको.

तुह्यं पत्र यायच्या आधीच मी साबच्या दारात गेली होती. भर दुपारी. आतून रेडिओचा आवाज येऊन राहिला होता. मी दार ठोकलं अन् नाव सांगितलं, देवाजी की घरवाली. रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही. मी परत ठोकलं. आत माणूस आहे, दाराच्या पलीकडं उभा आहे, हे मले कळत होतं. शरम सोडली अन् ठोकतच राहिली. हिंदीत ओरडली की साब, उसको ले गये, वो तोप के वास्ते ले गये, आपके सिवा कोई नहीं बता सकता. हाताची सालं निघाली.

मग दार उघडलं. साबनं कोट घातला, दुभाषी बोलावला, गाडी मागवली.

दुर्गच्या कचेरीत मी बाहेरच्या बाकावर होती, पण दार उघडं होतं. टेबलावर तोफ ठेवली होती. साब तिच्यासमोर बसले. या वेळी हातात घेतली. दुभाष्यानं एक एक वाक्य सांगितलं. ही जर्मन लोकायची तोफ, लढाई संपून वीस वर्षं झाले, हिच्यात आता काही गुपित नाही. कचेरीतल्या साहेबानं विचारलं, तुमाले इतकं पक्कं कसं माहीत? साबनं कोटाची बाही वर केली, सदऱ्याचं बटण काढलं. कोपरापासून मानेपर्यंत सगळी कातडी जळून गोळा झालेली. म्हणाले, हिनंच केलं. मी रणगाडा चालवत होतो.

साहेब उठून उभे राहिले अन् साबले पाणी दिलं. भाऊजीले त्याच दिवशी सोडलं. तोफ आणि कागदही परत दिला. साहेब म्हणाले, दिवस असे आहेत, मनात ठेवू नका.

घरी आल्यावर भाऊजी खाटेवर बसले अन् पोरासारखे रडले. आता झोपले आहेत. तुले ते स्वतः लिहिणार म्हणतात. तुह्यावर आमचा दोघायचा जीव आहे, हे कागदावर लिहून ठेवते.

तुही ताई,
कमला

---

कॅम्प-१, भिलाई
ता. २६ सप्टेंबर १९६५

चिरंजीव केवलराम यास देवाजीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, तुले ठाऊक आहे. पण एक गोष्ट कमलाले मी तोंडानं सांगू शकलो नाही. लिहिलेलं ती वाचेलच, तुह्याकडं पाठवायच्या आधी.

दुर्गवरून येतानी कमला पुढं बसली होती, गाडीच्या आवाजात तिले मागचं ऐकू येत नव्हतं. मागं मी अन् तिखोन साब. मी विचारलं, साब, तुमाले ही तोफ पाहवत नव्हती, मग कावून आले? ते आपल्या हिंदीत म्हणाले, देवाजी, टैंक में हम पाँच थे. गोळा लागला, आग लागली. मी माह्या झाकणातून बाहेर पडलो. दोघं जागीच गेले होते. दोघं जिवंत होते, त्यायचं झाकण अडकलं होतं. आतून ठोकत होते. मी बर्फात पडून ऐकत होतो. माह्या अंगाले आग होती, हे खरं. पण मी उठलो नाही, हेही खरं. मग ठोकणं बंद झालं.

तेरी औरत ने दरवाजा ठोका, असं म्हणून ते थांबले. मी त्यायचा जळका हात माह्या हातात घेतला, तो त्यायनं घर येईपर्यंत राहू दिला.

उतरतानी मी म्हटलं, साब, ही तोफ आता भट्टीत टाकतो, मीच टाकतो. ते नाही म्हणाले. त्यायनं ती मागितली. म्हणाले, माह्या बायकोनं लग्न झाल्यापासून कितीदा विचारलं की त्या दिवशी काय झालं. मले सांगता येत नाही, तोंड उघडलं की शब्द येत नाही. आता टेबलावर ठेवतो. इथं आमी होतो, इथं ही होती, एवढं तर बोटानं दाखवता येईल.

मी डब्यात कापूस घालून दिली. ते डबा दोन्ही हातानं धरून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. मी घाबरलो. परवा त्यायच्या बाई आमच्या घरी आल्या, एकट्या. त्यायले हिंदी येत नाही, कमलाले रशियन येत नाही. डोळे सुजले होते. चुलीजवळ पाट घेऊन बसल्या अन् कमलाचा सालं निघालेला हात पाहत राहिल्या. कमलानं दुसऱ्या हातानं पोळ्या लाटल्या. बाईनं तीन खाल्ल्या. वाकडी, जाड, काही म्हटलं नाही.

लढाई थांबली आहे. खिडकीचा काळा कागद मी आज काढला. डॉक्टरनं शिडी चढायची परवानगी दिली, पण पहिले काही दिवस कोणीतरी मागं असावं असं म्हणाले. साब म्हणाले, मैं पीछे रहूँगा. सोमवारी चढतो.

दसऱ्याले आमी दोघं नागपूरले दीक्षाभूमीवर जाणार आहो. तू रुरकेल्याहून ये, तिथंच भेटू. मनातली माया आटू देऊ नको.

तुहा भाऊजी,
देवाजी

ता. क. मी सगळं वाचलं. पत्र तसंच पाठवते. — कमला