चौकशीवाले

३० जुलै १९९९
पेपरात आलंय — कारगिलची चौकशी होणार. दिल्लीत समिती नेमली. आईला वाचून दाखवलं आणि तिथंच चुकलं. तिने पदर सारखा केला. "कधी येनार?"
"कोण?"
"चौकशीला. पोरगं गेलं माझं. यायला नको?"
आमच्या इगतपुरीकडच्या गावात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की माणसं चौकशी करायला येतात. दारात चपला काढतात, कसं झालं विचारतात, थोडा वेळ बसून जातात. आईला तीच चौकशी वाटली! समजावलं नाही, पेपर घडी करून ठेवला. वाल्मीक जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत. माझ्या पाठचा भाऊ. द्रासला होता, तोफखान्यात.

९ ऑगस्ट
बाहेरच्या खोलीत दिवाणावर नवी चादर. चौकशीवाल्यांसाठी.
काय विचारणार आहेस त्यांना, म्हटलं.
"येवढंच इचारीन, त्याला थंडी वाजत व्हती का."
आज वर्गावर काय शिकवलं ते आठवत नाही.

२२ ऑगस्ट
शेजारचे कोंडाजीकाका बासष्टच्या लढाईत होते. अंगात सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. डाव्या पायाची बोटं बर्फानेच नेली. आईची चादर बघून ते मला म्हणाले, "आमच्याबी लढाईची चौकशी झाली व्हती, आशा. अहवाल अजून कुलपात हाय."
मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. संध्याकाळी धाकटा भाऊ राजू वाचनालयात विचारून आला. खरं आहे! सदतीस वर्षं कुलपात. ज्यांची बोटं गेली त्यांनाही ती का गेली ते वाचायची परवानगी नाही.
चौथीची पोरं शुद्धलेखनात चुकली की मी वही तपासून त्यांच्या हातात परत देते. तपासून माझ्याच कपाटात कोंडून ठेवली, तर पुढच्या वेळी ती काय डोंबल बरोबर लिहिणार? एवढं मला कळतं. दिल्लीत कुणाला कळत नाही का?

१४ नोव्हेंबर
कुणी आलं नाही. आईने चादर धुऊन पुन्हा घातली.

२५ फेब्रुवारी २०००
अहवाल संसदेत मांडला. काही भाग सुरक्षेच्या कारणासाठी गाळून.
दोनदा वाचली बातमी. विश्वास बसेना. घुसखोर वर येऊन बसले तेव्हा सगळेच्या सगळे चकित झाले म्हणे — चकित! मी चकित झाले ते तार हातात पडली तेव्हा. मी बाई माणूस, घरात डाळ निवडत होते. मला शोभतं चकित होणं. आणि दोषी कोण हे ठरवणं समितीचं कामच नव्हतं. मग काम काय होतं?
राजू म्हणाला, "ताई, छापला तरी. बासष्टसारखा पुरला तर नाही. आता सुधारतील."
"कोण सुधारतील?"
"सगळेच. तू फार लवकर तुटून पडतेस."
धाकटा आहे, वीस पूर्ण नाहीत, आणि मला शिकवतो. त्याच्याशी भांडून मग आईकडे गेले. म्हटलं, चौकशी झाली, आई. संपली.
ती म्हणाली, "आपल्याकडं तर कोन आलं नाय."
"नाही आलं."
"मंग कोनाच्या घरी झाली?"
वाल्मीक गेला त्या दिवशी रडले नव्हते एवढी आज मोरीत बसून रडले.

३ जून २००१
आता मंत्र्यांनी त्या अहवालावर आपला अहवाल दिलाय. नवी पदं, नवी खाती, नव्या यंत्रणा. होवोत बापडी.

२८ डिसेंबर
संसदेवरच हल्ला झाला. पुन्हा सगळे थक्क. आणि आता सीमेवर फौजा चालल्यात. देवळाली स्टेशनावर तोफा ताडपत्रीत गुंडाळून गाडीवर चढवत होते. बायका पुलावरून बघत होत्या, मीही उभी राहिले. शिकलो म्हणायचं का आपण? अडीच वर्षांत? शेवटी शाळेतल्या खुर्शीदाने हात धरून घरी आणलं.

९ जानेवारी २००२
शाळेतून आले तर आईचा चेहरा उजळलेला. "आले व्हते! चौकशीवाले!"
एक हवालदार येऊन गेला होता, पोलीस स्टेशनचा. तिने त्याला दिवाणावर बसवलं, चहा पाजला, आणि विचारलं — माझ्या पोराला थंडी वाजत होती का. तो बिचारा म्हणाला, मावशी, मला ते माहीत नाही. परवा येतो, शिकलेलं कुणी घरी ठेवा.
"नाव लिवून घेतलं त्यानं."
"वाल्मीकचं?"
"नाय. राजूचं."
राजू आला तेव्हा दारातच धरलं. सातपूरच्या कंपनीत मुलाखतीला म्हणून जात होता, तो फौजेच्या भरतीला जात होता! निवड झाली. आता चारित्र्याची चौकशी राहिली आहे.
"दादाचं काय झालं ते बघूनसुद्धा?" मी ओरडले.
"बघूनच," म्हणाला. "तूच म्हणतेस ना कुणी शिकत नाही. बाहेर बसून ओरडून शिकतील का?"
एक थोबाडीत दिली. आजवरची पहिली. तो हलला नाही.
मारामाऱ्या करतो, वाईट संगत आहे — परवा हवालदाराला एवढं म्हटलं की निवड रद्द. सोपं आहे. सख्खी बहीण, वर शाळामास्तरीण. कोण खोटं म्हणेल?

११ जानेवारी
हवालदार आला. आई दाराशी बसली होती. त्याने विचारलं, मुलाची वर्तणूक कशी आहे, बाई?
मी म्हटलं, चांगला आहे. काही तक्रार नाही.