नंबर दुसराच राहू दे

मांडवी, शनिवार, आश्विन, शके १८५६

आजच्या बोटीने मुंबईचं साप्ताहिक आलं. जाणकारांची मतं घेऊन ते दर आठवड्याला कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे नंबर लावतात. आमच्या नातवाचा, बाळूचा, संघ दुसरा! म्हणजे पहिल्याला एकच पायरी उरली. गेल्या साली पहिल्या नंबरावर चढलेल्या संघातल्या पोराचा पाय मोडला. दृष्टच, दुसरं काय? तसाच उठून देवळात गेलो, गाऱ्हाणं घातलं, "महाराजा, दुसराच राहू दे."

घरी येऊन हिला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "अहो, मी सकाळीच पहिल्या नंबरासाठी नारळ ठेवून आले!"

आता देव कोणाचं ऐकणार? दुसराच राहू दे रे. पण नारळ तिचा. मी रिकाम्या हातानेच गेलो होतो.