दाव्यावरची पहिली सही

अहो,

बघा, पत्रात सुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाय!

उद्या दावा भरायची शेवटची तारीख हाय. तुमच्या जागी मी सही करायची म्हणतात, अन् माझं डोकं पार चक्रावलंय. तुम्हाला नाय तर विचारू कोणाला?

कंपनीचं दिवाळं निघालं, ती इकून देणी फेडायला कोर्टानं साहेब नेमला, तवा सगळे म्हणत होते, थकलेला पगार अन् ग्रॅच्युइटी मागून घ्या. तुम्हीच अडून बसले. "ज्या मशीनीपुढं दर दसऱ्याला नारळ फोडला, तिच्या लिलावाला सही देऊ?" दवाखान्यात शेवटच्या दिवशी सुद्धा, सही करू नको म्हणून मला शपथ घातली. मी मान हलवली. त्या वक्ताला दुसरं काय करणार होते?

आठवतं का, दसऱ्याला मला चिकलठाण्याला कंपनीत न्यायचे? नवी साडी माझ्या अंगावर, अन् कौतुक त्या लेथ मशीनीचं! हार तिला, आपट्याचं पान आधी तिला. माझी सवतच होती ती. लई राग यायचा मला.

काल रामनाथ भावजी आले, तुमच्या शेजारच्या मशीनीवरचे. म्हणाले, "वहिनी, सही म्हंजी लिलावाला होकार नाय. मशीन तशी बी इकली जाणार. त्या पैशात बँकेच्या बरोबरीनं आपला बी हक हाय. पण मागितलाच नाय तर कोण देईल?"

"मग तुम्ही भरला का?"

ते खाली बघायला लागले. "दादा नको म्हणले होते. आमी पाच-सहाजण त्यांच्या शब्दावर थांबलो."

अहो, हे मला का नाय सांगितलं? तुमचा हट्ट तुमच्यापुरता, असं मी समजत होते! भावजी आता लासूरच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलतात, या वयात. कळलं का तुम्हाला?

तुम्ही चुकले म्हणायला जीभ रेटत नाय. बरोबर होते म्हणावं, तर भावजींचा वाकलेला खांदा दिसतो. शपथ मोडू, का त्यांना तसंच ठेवू? मला खरंच काही कळंना झालंय.

तरी उद्या मी जाणार. त्या सगळ्यांना संगं घेऊन जाणार अन् पहिली सही मी करणार. तुमच्या घरानंच सही केल्यावर तुमच्या शब्दात कोणी अडकून राहणार नाय. शपथ मोडली म्हणून रागवायचं तर मी तिकडं आल्यावर पोटभर रागवा. पण त्यांना आता मोकळं करा.

तुमचीच,
सुमन