मॅक्रो लेन्सची निवड आणि बायकोचा डावा डोळा

२ फेब्रुवारी, रविवार
बायको चार दिवसांसाठी बहिणीकडे गेली, त्याला आज तीन आठवडे झाले. जाताना म्हणाली, तेवीस वर्षांत मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. आरोप मोघम. पण तांत्रिक अडचण लगेच ध्यानात आली. माझ्याकडे अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स नाही.
संकल्प: लेन्स निवडणे. तिच्या डाव्या डोळ्याचा क्लोजअप. मोठी फ्रेम. विषय संपला.

५ फेब्रुवारी
साठ एमएम. दुकानदाराने वापरून बघायला दिली. ओट्यावरच्या मुंगीवर प्रयोग. इतकं जवळ जावं लागतं की माझीच सावली पडते. मुंगी निघून गेली. बायकोच्या इतक्या जवळ जाणं बरं दिसणार नाही. बाद.

९ फेब्रुवारी, सकाळी ७
एकशेऐंशी. लांबूनच काम भागतं. स्वभावाला एकदम जुळणारी. पण हात थरथरतो (वय नव्हे, वजन). बाद.

१६ फेब्रुवारी
शंभर. वीतभर अंतर. झकास! बायको कंगवा विसरून गेली आहे, म्हणजे येणारच. त्यातल्या केसाचा फोटो काढला. पांढरा आला. दुसरा केस घेतला. तोही पांढरा. फ्लॅशचा दोष असावा.
दुकानदाराने विचारलं, साहेब, घ्यायची तरी आहे का? अभ्यास चालू आहे म्हटलं. आठवडाभरात बोललो तो त्याच्याशीच.

२० फेब्रुवारी
मेव्हणीचा फोन. बायको रविवारी येणार! उरलेले कपडे न्यायला, म्हणे. निमित्त, दुसरं काय. मेव्हणी हळूच म्हणाली, भावोजी, तुम्ही नुसतं थांब म्हणालात तरी ती थांबेल. म्हटलं, काळजी नको, जय्यत तयारी आहे. लगेच जाऊन शंभर घेतली.

२३ फेब्रुवारी, दुपारी १
आली. खिडकीपाशी बसवली. आधी चकित झाली, मग बसली, पर्स मांडीवर घेऊन. तिला समजावलं: इतक्या जवळून फोकस कागदाइतका पातळ, म्हणून फोकस सरकवत वीस फोटो काढायचे आणि मग जोडायचे. मान हलली की सगळं मुसळ केरात. दर फोटोला बजावलं, हलू नकोस. पाऊण तास पुतळ्यासारखी बसली. कौतुक आहे.
शेवटी तिने विचारलं, झालं? आणखी काही? म्हटलं, नाही, झालं.
कपडे घेऊन गेली. कंगवाही नेला.

संध्याकाळी ६
फोटो जुळेनात. पहिल्यात पापणी कोरडी. अकराव्यात खाली थेंब. विसाव्यात थेंब नाही. दोष लेन्सचा नाही, माझ्या हाताचाही नाही. वीतभरावर होतो, तरी मला काही दिसलं नाही.

संध्याकाळी ७
मेव्हणीचा फोन. थांब म्हणालात का, विचारत होती. म्हटलं, हलू नकोस म्हणालो. वीस वेळा.
पलीकडून, मागे, बायकोचा आवाज येत होता, कपाटात जागा कुठे आहे विचारत होती. मला फार एकटं वाटलं. पण ते सांगायच्या आत मेव्हणीने फोन ठेवला.