चिमट्यांची रांग

आई,

ठकीला घेऊन थेरपीच्या पहिल्या तासाला जातेय. तिचा ऑटिझमचा रिपोर्ट तुम्ही चादरींखाली दडवलात, तो सापडला. आता फ्रिजवर लावलाय. काढू नका.

"तिचा बापही उशिराच बोलला," हे तुमचं मला पाठ झालंय. बोलला असेल. पण हिचं अडीच वर्षांची असतानाच कळलंय, ते काय हातावर हात ठेवून बसायला?

जेवण झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा. तुमची गोळी डबीत आहे.

दुपारी वन्सं सासरच्यांना घेऊन येतील. ठकीने दारापासून स्वयंपाकघरापर्यंत कपड्यांच्या चिमट्यांची रांग लावलीय. मागच्या वेळेसारखी पाहुण्यांसाठी गोळा करू नका. त्यांना म्हणावं, नातीने मांडलंय, जरा वळसा घालून या.

तुमची सून