तुरटीचं तोंड

४ जानेवारी, नांदेड
लिफ्ट बंद, म्हातारीला तीन जिने चढवले, अन् वर आल्यावर पाण्याच्या आधी फोटो! असो. उदगीरहून आले ते पणतवाला न्हाऊ घालायला. लेकरू गुटगुटीत हाय, नाक तेवढं बापावर गेलंय, बसकं. नातसून पुनमनं ही वही दिली, बाळ दूध किती पितंय ते लिहा म्हणाली. चौथी शिकलेय, लिहिते.

७ जानेवारी
नळाला गढूळ पाणी. तुरटी फिरवली, निवळलं. नातू सत्यम कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. म्हणे आजी, हा क्षार हाय, ब्याण्णव अंशाला वितळतो, बारीक नळीत भरून मी मोजलाय. म्हटलं, मोज बापा. तुझ्या आजोबाला दाढी करताना कापलं की मी हीच लावायची, बिनमोजता.

९ जानेवारी
दिवेलागणीला लेकरू दूध घेईना. लेकरावरून तुरटी उतरवून निखाऱ्यावर टाकली. वितळली, फुगली, तोंड निघालं. ज्याची नजर लागली त्याचं तोंड निघतं. कुणाचं ते कळलं न्हाई. तिठ्यावर फेकून मागं न बघता आले.

१० जानेवारी
सत्यमनं ती उचलून घरी आणली! खिशात घालून! म्हणे आतलं पाणी उडालं की तुरटी फुगते, तोंडबिंड काही नसतं. आता ही कोरडी, ब्याण्णवला वितळणारच न्हाई, उद्या मोजून दाखवतो. म्हटलं, टाकलेली पीडा कुणी घरात आणतं का रे मास्तर?

११ जानेवारी
वितळली. नळीत भरल्या भरल्या, खाली जाळ लावायच्या आधीच. सत्यम जेवला न्हाई. उरलेला खडा डबीत घालून फळीवर ठेवलाय. झाकण आतून वर उचललं गेलंय.

१२ जानेवारी
डबी फुटली. तोंड वाढलंय. सुरकुत्या. नाकात चमकीचं ओघळलेलं भोक — माझंच. माझी नजर लागली म्हणतंय, माझ्या पणतवाला! थुंकले त्याच्यावर. तिठ्यावर फेकून आले. घरी येऊन बघते तर फळीवर, जागच्या जागी. लेकरू दूध घेईना —

१३ जानेवारी
दिवेलागण. फळीवर खडा न्हाई. दाराबाहेर हाक — माझ्या आवाजात. पुनम, लेकरू बाहेर आण. मी तर हितं, लेकरू माझ्या मांडीवर —

पुनम उठली. हात धरलाय तिचा. बोलत न्हाई, बोलले तर तिला कळायचं न्हाई खरी कोणती. म्हणून लिहून दाखवते. वाच पुनम. कडीला हात लावायचा न्हाई. लेकरू घे अन् आत जा. तू ओ द्यायची न्हाई, सत्यमनं द्यायची न्हाई. ओ देईल त्याला ती नेते. माझं तोंड घेतलंय त्या बाहेरचीनं, तिला ओ मीच —