तो कोणत्या नावाला येतो

३ मार्च, दुपार
त्या दिवशी सकाळी मी फळीवरचे डबे पुसत होते आणि हे दारातल्या पायरीवर बसून माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होते. गॅसवर दूध होतं, बादली नळाखाली होती. हे म्हणाले, आता रिटायर झालो, एक कुत्रं आणू या. मी म्हटलं, केस कोण झाडणार? घरात एकाचं करते तेवढं पुरे. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय संपला. त्याला दोन वर्षं झाली. यांना जाऊन चौदा महिने.

आज प्राण्यांच्या संस्थेतून कुत्रा आणला त्याचा त्या सकाळशी काही संबंध नाही. लेक फोनवर सारखी म्हणत होती, आई, घरात कोणीतरी हवं. म्हणून आणला. दत्तक वगैरे नाही. महिनाभर सांभाळायचा आणि ३१ तारखेला हो की नाही ते सांगायचं. संस्थेच्या बाई म्हणाल्या, काकू, पहिला हक्क सांभाळणाऱ्याचा असतो. मी म्हटलं, हक्काचं पुढे बघू.

म्हातारा आहे. एक कान फाटका. नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की माणूस अडकतं. झोपणार बाहेरच्या खोलीत, दाराशी. शिस्त म्हणजे शिस्त.

४ मार्च
दाराशीच झोपला. माझ्या खोलीच्या. दार ते दार.

७ मार्च
लायब्ररीतून कुत्र्यांवरचं पुस्तक आणलं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं मी आपलं आपण वाचून शिकले, तेव्हा एका कुत्र्याचं काय मोठंसं. चाळिसाव्या पानावर लिहिलंय, कुत्र्याला पलंगावर घेऊ नये. लेखक भरल्या घरात राहत असावा. शिवाय तो यांच्या बाजूला झोपत नाही, पायथ्याशी झोपतो. निदान सुरुवात तरी तिथूनच करतो.

९ मार्च, सकाळ
पिठाच्या डब्यापुढे आडवा पडला होता. माझ्या तोंडून निघालं, अहो, जरा सरका की. सरकला.

सवयीने निघालं. बत्तीस वर्षांत यांचं नाव मी तोंडातून काढलं नाही, हाक तेवढी एकच. उद्यापासून ‘ए’ म्हणायचं.

१० मार्च
‘ए’ म्हटलं. ‘इकडे ये’ म्हटलं. टाळी वाजवली, बिस्कीट दाखवलं. ढिम्म. शेवटी अहो म्हटलं, शेपूट हलवत आला. चूक त्याची आहे. मी प्रयत्न केले.

१३ मार्च
शेजारची शिलाईवाली मशीन बंद करून आली. म्हणाली, ताई, विचारू नये, पण तुमच्याकडे कोण आलंय? भिंतीतून रोज ऐकते. अहो जेवून घ्या, अहो पाय पुसा, अहो पंखा लावू का. मी म्हटलं, कुत्रा आहे. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, माझ्याकडे चांगला हाडामांसाचा बसलाय, त्याला मी पंख्याचं कधी विचारलं नाही. हसली, हसता हसता पदराने डोळे पुसले आणि गेली. नाटकी आहे.

१५ मार्च
संस्थेला दर आठवड्याला फॉर्म भरून द्यावा लागतो. पहिला मी चार ओळींत उरकला होता. खातो का, झोपतो कसा, भुंकतो का, चावला का, कोणत्या नावाला येतो. या वेळी वेळ होता म्हणून दोन पानं जोडली. त्याला वाचून दाखवलं तर ऐकून घेतो, मध्येच उठून जात नाही, असंही लिहिलं. जे आहे ते लिहिलं, लळा लागलाय अशातला भाग नाही. नावाचा रकाना याही वेळी कोरा ठेवला.

२१ मार्च, संध्याकाळ
बाईंचा फोन. काकू, काय सुंदर लिहिता हो! आम्ही तुमची पानं सगळ्यांना वाचायला टाकली. एका कुटुंबाला तो फार आवडलाय. दोन मुलं आहेत, घराला अंगण आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ते लगेच नेतील.

मी म्हटलं, छान झालं. खरंच छान वाटलं. जेवण गेलं नाही ते उन्हामुळे.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, आत्ताच्या आत्ता हो म्हणून मोकळी हो. मी म्हटलं, मला घाई करू नकोस. ती म्हणाली, तुझं अडतंय कुठे? मी फोन ठेवला.

अडत काही नाही. पण यांनी मागितलं तेव्हा नको म्हटलं, आणि आता स्वतःसाठी हो म्हणायचं, ते कोणत्या तोंडाने?

२४ मार्च
सकाळी पत्र्याचा डबा उघडताना बोट कापलं. पट्टी बांधली. नंतर फॉर्म भरायला बसले. चावला का, या रकान्यात लिहिलं: हो, बोटाला.

याला खोटं म्हणता येणार नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत त्यांना सावध केलेलं बरं. आता ते लोक विचार सोडतील आणि मला ३१ तारखेपर्यंत शांतपणे ठरवता येईल. डोकं शांत ठेवलं की सगळं जमतं.

२६ मार्च
सकाळी दहा वाजता बाई व्हॅन घेऊन दारात. मी चहा विचारला. नको म्हणाल्या. पट्टी बांधलेलं बोट बघितलं. म्हणाल्या, काकू, चावलेलं जनावर आम्ही एकट्या बाईकडे ठेवत नाही. कोणाकडेच देत नाही. आता त्याला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवणार.

मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, या वयात आता दुसरं कोण घेणार त्याला?

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शिलाईवाली दारात उभी होती, रस्त्यावर दोघं-तिघं थांबले होते. मी विचार केला, फोनवर नीट समजावून सांगता येईल.

तो व्हॅनमध्ये चढेना. बाईंनी पट्टा ओढला, त्याने चारही पाय रोवले. बाई म्हणाल्या, काकू, तुम्ही हाक मारा. कोणत्या नावाला येतो हा?

सगळे माझ्याकडे बघत होते. शिलाईवालीने मान खाली घातली.

अहो, म्हटलं. चला. बसा आत.

लगेच चढला. आत जाऊन माझ्यासाठी जागा सोडून बसला.

२७ मार्च
फोन केला नाही. आज त्या कामात असतील. घर स्वच्छ वाटतंय. आता वाचायला भरपूर वेळ आहे. एकच पान चारदा वाचलं.

२९ मार्च, दुपार
शेवटी फोन केला. जरा चौकशी करावी एवढ्यासाठीच. बाई म्हणाल्या, तीन दिवस झाले, भांड्याला तोंड लावलेलं नाही. भिंतीकडे तोंड करून असतो. चावरा आहे म्हणून आत कोणी जात नाही, भांडं लांबून सरकवतात.

मी म्हटलं, असं का. त्या म्हणाल्या, हो. मी फोन ठेवला.

समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी खोटं लिहिलं.

३० मार्च
सकाळच्या पहिल्या बसने गेले. पट्टी सोडून बाईंना बोट दाखवलं. पत्र्याने होतो तसा सरळ काप. हा चावला नाही, मी खोटं लिहिलं, असं सांगितलं. आत चार-पाच माणसं काम करत होती, त्यांनीही ऐकलं.

बाईंनी बोट उजेडाकडे धरून बघितलं. मग म्हणाल्या, काकू, खोटं लिहिणाऱ्याला आम्ही पुन्हा जनावर देत नाही. माझ्या हातात नाही ते. मी म्हटलं, बरोबर आहे. त्या अंगणवाल्या लोकांना कळवा.

नवा फॉर्म मागून घेतला आणि सगळे रकाने भरले. चावला का: नाही. कोणत्या नावाला येतो: अहो.

मग पिंजऱ्यात जाऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसले. सगळ्यांसमोर म्हटलं, अहो, जेवून घ्या. अर्धं भांडं खाल्लं. उरलेलं मी हाताने भरवलं.

दुपारी घरी आले. पलंगावरचे केस झाडले.